बंदीच्या ६१ दिवसांत ओपन सोर्स डेटाबेस मॉनिटरिंग सिक्युरिटी रिव्ह्यूतून काढलं, त्याच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

कालपासून मासेमारी बंदी लागली, ३१ जुलैपर्यंत. आमचा मासळी प्रोसेसिंगचा प्लांट रत्नागिरीत एमआयडीसीत, बोटी बंद म्हणजे नवा माल नाही, कोल्ड स्टोअरमधला जुना स्टॉक आणि मेंटेनन्स एवढंच काम. सर्व्हरला निवांत हात लावायला वर्षात हेच ६१ दिवस मिळतात, म्हणून ठरवलंय की ह्या बंदीत डेटाबेस मॉनिटरिंग बसवायचंच.

कारण गेल्या ऑक्टोबरचं. लॉट नंबर, कुठल्या बोटीचा माल, कोल्डरूमचं तापमान, सगळं पोस्टग्रेस नावाच्या एकाच डेटाबेसमधे जातं. रिपोर्टसाठी एक रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसऱ्या मशीनवरची चालती नक्कल, केली होती, ती मशीन मी काढून टाकली पण तिचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे नक्कल कुठपर्यंत पोचली त्याची खूण, मेन सर्व्हरवर तसाच राहिला. स्लॉट असला की पोस्टग्रेस जुन्या डब्ल्यूएएल फाइल (डेटाबेसमधे झालेल्या बदलांच्या नोंदी) पुसत नाही, पलीकडचा कधीतरी येऊन वाचेल म्हणून धरून ठेवतो. तीन आठवड्यांत डिस्क भरली, पहाटे डेटाबेस बंद पडला, लेबल निघेनात, म्हाकूल आणि कोळंबी बर्फात घालून ठेवावी लागली, पाच तास गेले. डिस्क भरत चाललीय हे सांगणारं आमच्याकडे काहीच नव्हतं. त्या सकाळी ग्रेडिंगच्या बायका रिकाम्या बसून होत्या ते अजून डोळ्यासमोर आहे.

आता अडचण अशी की मुंबईच्या मुख्य ऑफिसचा नियम, नवीन सॉफ्टवेअर सिक्युरिटी रिव्ह्यू झाल्याशिवाय सर्व्हरवर चढवायचं नाही. आजवर आमच्याकडून ओपन सोर्सचं काही पास झालेलं नाही. ह्या नोंदी त्यासाठीच, दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझा गेलेला वेळ त्याचा जाऊ नये.

५ जून

रिव्ह्यूचा फॉर्म आला, १४ पानं. तो सगळा विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला. व्हेंडरचं नाव, व्हेंडरचं माहिती-सुरक्षेचं आयएसओ २७००१ सर्टिफिकेट, सपोर्टचा करार, सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा. माझ्याकडे व्हेंडरच नाही. मी अर्ध्याहून जास्त रकान्यांत 'लागू नाही' लिहिलं, खाली 'कोड सगळ्यांसमोर आहे त्यामुळे सुरक्षित आहे' असं वाक्य टाकलं आणि पाठवून दिला. टूल म्हणून एक रेडीमेड संच दाखवला होता, एकाच कंटेनरमधे (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेलं सॉफ्टवेअरचं गाठोडं) कलेक्टर, स्टोअरेज, डॅशबोर्ड सगळं.

११ जून

फॉर्म परत. रिव्ह्यूवाल्या मॅडमनी फोनही केला, पाऊण तास बोलल्या. त्यांचं म्हणणं, 'लागू नाही' हे उत्तर नाही, ती जागा रिकामी आहे एवढंच त्यातनं कळतं. व्हेंडर नसेल तर व्हेंडरचं काम करणार कोण ते लिहा.

आणि 'कोड सगळ्यांसमोर' ह्यावर त्यांनी एक्सझेडचं उदाहरण दिलं. मार्च २०२४ मधे उघड झालं की एक्सझेड ह्या फाइल दाबून लहान करायच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या व्हर्जनमधे कुणीतरी मागचं दार बसवलं होतं, तेसुद्धा दोनेक वर्षं प्रोजेक्टमधे नीट काम करून विश्वास कमावून. ते सापडलं कसं, तर अँड्रेस फ्रॉइंड ह्या पोस्टग्रेसच्याच डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दूरच्या सर्व्हरवर शिरणं) साधारण अर्धा सेकंद हळू वाटलं आणि तो मागे लागला म्हणून. मॅडम म्हणाल्या, कोड उघडा होता हे खरं, पण बघणारा तो एक माणूस होता, तुमच्याकडे बघणारा कोण?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवल्यावर थोडा राग आलेला पण रात्री विचार केला तर बाईंचं बरोबर आहे. सहा दिवस गेले.

१३ जून

फॉर्म बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर चारच गोष्टी लिहायला घेतल्या. हे सॉफ्टवेअर काय काय बघू शकतं, बघितलेलं कुठे पाठवतं, त्यात भोक निघालं तर कोण किती दिवसांत बुजवणार, आणि उद्या नको झालं तर मागे काय राहील. ह्या चारांची उत्तरं नीट असली की १४ पानं आपोआप भरतात असं आता वाटतंय. पहिल्याच प्रश्नाला अडकलो, कारण मी कधी बघितलंच नव्हतं.

दुपारी दोनला लाइट गेली ती साडेपाचला आली. जनरेटर कोल्डरूमला, ऑफिसला नाही.

१७ जून

त्या रेडीमेड संचावर ट्रिव्हीने, म्हणजे माहीत असलेले सुरक्षेचे दोष शोधणाऱ्या टूलने, स्कॅन केला. यादी इतकी लांब की छापून काढली तर रजिस्टर होईल. त्यातलं बरंचसं खालच्या लिनक्सच्या पॅकेजमधलं, आम्ही कधी वापरणारही नाही असं, पण प्रत्येक ओळीला 'हे आम्हाला का लागत नाही' लिहायचं तर बंदी संपेल. टूल वाईट आहे असं अजिबात नाही, मोठ्या टीमला ते सोयीचंच पडेल. पण रिव्ह्यूत जेवढे भाग तेवढी उत्तरं, आणि उत्तरं देणारा मी एकटा.

म्हणून सुटे भाग घ्यायचं ठरवलं. डेटाबेसजवळ आकडे गोळा करायला पोस्टग्रेस एक्स्पोर्टर, आकडे साठवायला प्रॉमिथियस, अलर्टला अलर्टमॅनेजर, बघायला ग्राफाना. चार बायनरी (थेट चालणाऱ्या प्रोग्रॅम फाइल), कंटेनर नाही. डाउनलोडसोबत येणाऱ्या चेकसमच्या फाइलशी शा-२५६ (फाइल वाटेत बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) जुळवून बघितलं आणि ते आकडे कागदावर लिहून ठेवले, कुठली फाइल कुठून कधी घेतली ह्यासकट. सिफ्ट ह्या टूलने चारही भागांचं एसबीओएम काढलं, म्हणजे आत कुठल्या लायब्ररी कुठल्या व्हर्जनच्या आहेत त्याची यादी.

नवीन स्कॅनमधे थोड्याच ओळी उरल्या, त्यातल्या बहुतेक गो भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या. म्हणजे एक्स्पोर्टरच्या कोडमधे दोष नाही, तो जुन्या गो व्हर्जनने बांधलाय. सोर्स घेऊन गोव्हल्नचेक चालवलं, ते सांगतं की दोष असलेलं फंक्शन आपल्या प्रोग्रॅमकडून खरंच वापरलं जातं का. दोन जागी जात होतं. नव्या गोने परत बांधल्यावर त्या दोन्ही गेल्या. ह्याला पूर्ण दिवस लागला पण मॅडमना पहिल्यांदा काहीतरी धड दाखवता येईल असं मिळालं.

२० जून

आता 'काय बघू शकतं'. टेस्ट मशीनवर मी एक्स्पोर्टर सुपरयूझरने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, जोडला होता, चटकन चालतं म्हणून. असं करू नका. पोस्टग्रेस १० पासून पीजी_मॉनिटर नावाचा रोल (अधिकारांचा संच) आहे, मॉनिटरिंगला तेवढा पुरतो. नवीन यूझर केला, त्याला फक्त तो रोल, कनेक्शनची मर्यादा ३, आणि क्वेरी (डेटाबेसला दिलेली कमांड) लांबली तर तुटावी म्हणून स्टेटमेंट टाइमआउट.

मग कागदावर लिहिलं, 'हा यूझर फक्त आकडे बघतो, माहिती नाही.' पाठवायच्या आधी त्याच यूझरने आत जाऊन बघितलं ते बरं झालं. पीजी_मॉनिटरला इतर यूझरच्या चालू क्वेरींचा मजकूर पूर्ण दिसतो, आणि क्वेरीत तर खरी नावं, बोटमालकांचे बँक खाते नंबरसुद्धा असतात. एक्स्पोर्टर तो मजकूर बाहेर पाठवत नाही, आकडेच पाठवतो, पण यूझरला दिसतं ते दिसतंच. वाक्य बदललं. 'पाठवतो काय' आणि 'बघू शकतो काय' असे दोन वेगळे रकाने केले.

२४ जून

पासवर्डवर दोन दिवस गेले.

आधी एक्स्पोर्टरचा पासवर्ड सिस्टमडीच्या (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू-बंद करणारी व्यवस्था) सर्व्हिस फाइलमधे एन्व्हायर्नमेंटच्या ओळीत लिहिला होता. आमच्या ज्युनियरने साध्या लॉगिनवरून सिस्टमसीटीएल शो ही सेटिंग दाखवणारी कमांड मारली आणि पासवर्ड स्क्रीनवर. मग वेगळ्या फाइलमधे ठेवला, परवानग्या घट्ट केल्या, ते ठीक होतं, पण लगेच पुढचे प्रश्न आले की पासवर्ड बदलणार कधी, कोण, जुना कुठे कुठे लिहिलेला आहे. त्यात आमचं पोस्टग्रेस १३, त्यात डिफॉल्टने पासवर्ड अजून एमडी५ ह्या जुन्या, कच्च्या पद्धतीनेच साठतात, जास्त सुरक्षित स्क्रॅम डिफॉल्ट १४ पासून.

शेवटी पासवर्डच काढून टाकला. एक्स्पोर्टर डेटाबेसच्याच मशीनवर आहे, तर नेटवर्कने जायचंच कशाला. लिनक्सवर एक यूझर, डेटाबेसमधे त्याच नावाचा रोल, आणि युनिक्स सॉकेटवरून (मशीनच्या आतल्या आत) पीअर पद्धतीने ओळख, म्हणजे लिनक्सचं नाव जुळलं की आत. ठेवायला पासवर्ड नाही, चोरीला जायलाही नाही. इथेसुद्धा तासभर घालवला कारण पीजी_एचबीए फाइलमधे (कुणाला कसं आत घ्यायचं त्याचे नियम) माझी ओळ मी सगळ्यात खाली टाकली होती, आणि ती फाइल वरून वाचतात, पहिली जुळणारी ओळ लागू होते. वरची 'सगळ्यांना एमडी५' वाली ओळ आधी लागत होती आणि तो पासवर्ड मागत बसला. ओळ वर घेतली, रीलोड केलं, चाललं. रिस्टार्ट लागत नाही.

२७ जून

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स सुरू करायचं होतं, कुठली क्वेरी किती वेळ खाते ते कळायला. हे क्वेरीतल्या खऱ्या किमती काढून त्या जागी डॉलर एक, डॉलर दोन असं लिहितं, म्हणून मी ते सुरक्षित धरून चाललेलो. टेस्टवर सुरू केलं, एका यूझरचा पासवर्ड बदलला, आणि यादीत बघतो तर बदलायची आख्खी कमांड पासवर्डसकट तिथे. किमती झाकल्या जातात त्या सिलेक्ट, इन्सर्ट वगैरेंच्या. रोल बनवणं, बदलणं असल्या कमांडना १३ मधे ते लागू होत नाही. ट्रॅक_युटिलिटी, म्हणजे असल्या कमांडची नोंद ठेवणारी सेटिंग, बंद केलं, आधीची यादी रीसेट केली, आणि पासवर्ड बदलायचा तर पीएसक्यूएलच्या पासवर्ड कमांडनेच बदलायचा असा नियम लिहिला, कारण ती आधी हॅश करून (मूळ पासवर्ड दिसणार नाही असा बदलून) मगच पाठवते.

हे मी स्वतःहून मॅडमना कळवलं. उत्तर आलं, 'हे असंच लिहून पाठवा.' बरं वाटलं.

३० जून ते ८ जुलै

लीगलकडे अडकलं. ग्राफानाचं लायसन्स एप्रिल २०२१ मधे अपाचे २.० ह्या मोकळ्या लायसन्सवरून एजीपीएल झालं, आणि एजीपीएल हा शब्द वाचून त्यांनी फाइल थांबवली. भीती अशी की आपला सगळा कोड उघडा करावा लागेल. मी एका पानात लिहून दिलं की आम्ही ग्राफानाच्या कोडला हात लावत नाही, जसा मिळतो तसा चालवतो, बाहेरच्या कुणाला देत नाही. तो बदलून इतरांना नेटवर्कवरून वापरायला दिला तर त्या बदललेल्या ग्राफानाचा सोर्स द्यायची जबाबदारी येते. बाकीचे तिन्ही भाग अपाचे. त्यांनी 'कोडमधे बदल करणार नाही' असं सहीने लिहून घेतलं आणि सोडलं. नऊ दिवस. लायसन्सचं पान पहिल्याच दिवशी लीगलला पाठवायला हवं होतं, ते काम बाकीच्या कामांबरोबर चालू राहिलं असतं.

९ जुलै

मॅडमच्या टीमने टेस्ट मशीनवर पोर्ट स्कॅन केला, म्हणजे नेटवर्कवरून मशीनची कुठली दारं उघडी दिसतात ते बघितलं. मी लिहून दिलेलं की बाहेरून फक्त ग्राफानाचा पोर्ट दिसेल. दिसले चार.

९१८७, एक्स्पोर्टरचा, सगळ्या नेटवर्कला उघडा. ९०९०, प्रॉमिथियसचा, तसाच. आणि ९०९४, हा कशाचा तेच मला सांगता येईना, फोनवर गप्प राहिलो. शोधल्यावर कळलं, अलर्टमॅनेजर एकाहून जास्त असतील तर त्यांनी आपसात बोलायला तो पोर्ट, आणि एकच असला तरी तो डिफॉल्टने उघडतो. क्लस्टरचा लिसन अॅड्रेस रिकामा ठेवला की बंद. बाकी दोघांना जेवढं हवं तेवढ्याच पत्त्यावर बांधलं.

त्याच दिवशी दुसरी चूक. फॉर्ममधे 'बाहेर काही पाठवतं का' ह्याला मी 'नाही' लिहिलेलं. फायरवॉलच्या लॉगमधे ग्राफानाचं मशीन बाहेर जायचा प्रयत्न करताना दिसलं. काही भयंकर नव्हतं, निनावी वापराची माहिती आणि नवं व्हर्जन आलंय का ही चौकशी, दोन्ही सेटिंगमधून बंद होतात आणि कागदपत्रांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं. खोटं लिहायचं नव्हतं मला, पण समोरच्याला ते कसं कळणार. त्यानंतर एकही उत्तर मी स्वतः तपासल्याशिवाय दिलं नाही, आणि प्रत्येक उत्तराखाली 'कसं तपासलं' अशी ओळ टाकली.

१४ जुलै

टीएलएस. एक्स्पोर्टर आणि प्रॉमिथियसमधलं बोलणं एन्क्रिप्ट हवं. जुन्या सवयीने सर्टिफिकेट केलं, कॉमन नेममधे मशीनचं नाव, झालं. प्रॉमिथियस घेईचना. गोच्या प्रोग्रॅमना नुसतं कॉमन नेम चालत नाही, सॅनच्या (पर्यायी नावांच्या) रकान्यात नाव किंवा आयपी लागतोच. परत केलं, तरी 'सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही'. ह्यावर अख्खी दुपार गेली. मशीनचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. लाइट सारखी जाते आणि बोर्डावरचा सेल मेलेला, प्रत्येक वेळी सुरू होताना घड्याळ भलतीकडे. घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ सेल आणला, ५० रुपये, आणि क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) लावून एनआयसीच्या (केंद्र सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) टाइम सर्व्हरशी जोडलं.

हे मॅडमच्या यादीत होतंच पुढे. सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली हवीत, लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि सायबर घटना घडली तर कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. लॉगचं मी आधी चुकीचं समजलो, प्रॉमिथियस डिफॉल्टने १५ दिवस ठेवतो तेच १८० करून बसलो. ते आकडे, लॉग नव्हेत. लॉग म्हणजे ग्राफानात कोण शिरलं, मशीनवर कोण शिरलं, ते. त्यांची सोय वेगळी केली. आकडे मात्र वर्षभर ठेवायचं ठरवलं, मागच्या सीझनशी तुलना करायला.

१७ जुलै

कोल्डरूमचे मामा, मालवणचे, रोज विचारतात झालं काय. आज म्हणाले, "बोटी सुटल्यार माका टायम गावाचो नाय हां, काय ता आताच करून घे." त्यांच्या तापमानाच्या नोंदींचा पॅनल त्यांना विचारूनच केला. तापमान किती ते त्यांच्या मशीनवर दिसतंच, त्यांना हवं होतं 'शेवटची नोंद किती मिनिटांपूर्वी आली' ते. उणे १८ चा आकडा स्क्रीनवर तसाच राहतो आणि सेन्सर तासापूर्वीच गेलेला असतो, असं दोनदा झालंय म्हणे. मला हे सुचलंच नसतं.

२१ जुलै

ग्राफानाची सीक्रेट की. डेटासोर्सचे (ग्राफाना जिथून आकडे घेतो त्या जागांचे) पासवर्ड ती वापरून एन्क्रिप्ट होतात, आणि डिफॉल्ट की सगळ्या जगाच्या फाइलमधे एकच छापलेली आहे. रिव्ह्यूत हे पकडलं. मी सरळ बदलली, तर आधी भरलेला पासवर्ड उघडेना, डॅशबोर्ड सगळे लाल. पासवर्ड परत भरला, झालं. की पहिल्या दिवशीच बदला, डेटासोर्स जोडायच्या आधी.

ग्राफानाचा डिसेंबर २०२१ चा दोषही विचारला, ज्यात लॉगिन न करता सर्व्हरवरच्या फाइल वाचता यायच्या. ८.० पासून ८.३.० पर्यंत लागू, ८.३.१ मधे दुरुस्त. 'तेव्हा तुम्ही असतात तर तुम्हाला कधी कळलं असतं?' प्रामाणिक उत्तर, बहुतेक महिन्याभराने. म्हणून आता चारही प्रोजेक्टच्या रिलीजच्या सूचना दोघांच्या मेलवर लावल्यात, माझ्या आणि ज्युनियरच्या.

२३ जुलै

जो कागद सगळ्यात उशिरा झाला तोच सगळ्यात आधी हवा होता. व्हेंडरच्या रकान्यात आमच्या प्लांटच्या आयटीचं नाव. गंभीर दोष निघाला तर सात दिवसांत पॅच, नाही जमलं तर मॉनिटरिंग बंद ठेवायचं, डेटाबेसला त्याने काही होत नाही. मी रजेवर असेन तर ज्युनियर, त्याने एकदा पूर्ण अपग्रेड माझ्याशिवाय करून दाखवायचा. तो त्याने आज केला, ४० मिनिटं लागली, मी बाहेर चहाच्या टपरीवर मुद्दाम बसून राहिलो. प्लांट मॅनेजर साहेबांनी सही करायच्या आधी विचारलं, "ह्यात आपण अडकणार तर नाही ना?" म्हटलं साहेब, ऑक्टोबरमधे अडकलोच होतो, तेव्हा सही कुणाचीच नव्हती. त्यांनी सही केली.

२५ जुलै

पास. तीन अटींवर. दर तीन महिन्यांनी स्कॅन परत पाठवायचा, ग्राफानात प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, आणि तिसरी अट मॉनिटरिंगची नाहीच, डेटाबेसची: पोस्टग्रेस १३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मधे संपतो, त्याआधी वरच्या व्हर्जनवर जायचं. आम्ही घराला कुलूप कुठलं लावायचं ते शोधत होतो, त्यांनी दार बघितलं.

२९ जुलै

खऱ्या सर्व्हरवर चढवलं. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्ससाठी एकदा रिस्टार्ट लागला, दोन मिनिटं, प्लांट बंदच होता. टेस्टवर सगळं चुकून झालेलं असल्यामुळे इथे काही अडलं नाही. स्लॉटसाठी कमाल मर्यादाही घातली, मॅक्स_स्लॉट_डब्ल्यूएएल_कीप_साइझ, १३ पासून मिळते आणि डिफॉल्टला अमर्याद असते. ही एक ओळ ऑक्टोबरमधे असती तर स्लॉट तुटला असता पण डिस्क भरली नसती.

५ ऑगस्ट

१ तारखेला बोटी सुटल्या, दोन दिवस समुद्र खवळलेला, माल कालपासून येतोय. काल रात्री पहिला अलर्ट, कोल्डरूम ३ ची नोंद १० मिनिटं नाही. मामा गेले, सेन्सरच्या वायरचा जोड खाऱ्या हवेने गंजलेला. पॅनल त्यांचाच, दुरुस्तीही त्यांचीच.

हिशोब. सॉफ्टवेअर ० रुपये. जुनं पडलेलं मशीन वापरलं, त्याला एसएसडी ४,२०० रुपये, सेल ५०, यूपीएसची बॅटरी १,१००, मुंबईची एक खेप जाऊन येऊन जेवणासकट १,६००. माझे साधारण ११० तास, त्यातले ४० तरी पहिल्या चुकीच्या फॉर्मचे आणि त्या रेडीमेड संचाचे. कॅलेंडरवर ५० दिवस, त्यात लीगलचे नऊ.

डेटाबेसचा अपग्रेड गणपतीत ठरवलाय. २७ ऑगस्टपासून प्लांटला सुट्टी, २ सप्टेंबरला गौरी-गणपती विसर्जन, ३ ला पहाटे करायचा, माल दुपारनंतर येतो. त्याच्या आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा आहे, ते उद्यापासून.